उणे ११० अंशांनंतरची झोप

१९७८मध्ये तोशिमा यामाउची या जपानी डॉक्टरांनी संधिवाताच्या रुग्णांवर एक वेगळा उपचार सुरू केला. एकेका सांध्याला बर्फाचा शेक देण्याऐवजी त्यांनी रुग्णाचे सारे शरीरच काही मिनिटे अतिथंड हवेत ठेवले. वेदना काही काळ बधिर झाली की रुग्णाला व्यायाम करता यावा, एवढाच हेतू होता. पुढच्या दशकात हा उपचार जर्मनी आणि पोलंडमध्ये रुजला. आज ‘क्रायोथेरपी’ म्हणून तो आपल्या महानगरांतही मिळतो. पण जाहिरातींत संधिवात मागे पडून गाढ झोप आणि मनःशांती पुढे आली आहे. बरीच वर्षे रात्रपाळी केल्यामुळे झोप हा माझ्या वाचनाचा कायमचा विषय. म्हणून हा दावा तपासून पाहावासा वाटला.

खोलीतले तापमान उणे ११० अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही कमी असते. अंगावर मोजके कपडे, हातमोजे, मोजे, कान व तोंड झाकलेले. मुक्काम दोन ते तीन मिनिटांचा. एवढ्या गारठ्यात माणूस गोठत कसा नाही? कारण कोरडी हवा उष्णतेची मंद वाहक आहे. पाणी तिच्या सुमारे २५ पट वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे त्वचा झपाट्याने गार पडते, शरीराचा गाभा मात्र जवळजवळ तसाच उबदार राहतो.

त्वचेकडून धोक्याची वार्ता मेंदूला पोचते, रक्तवाहिन्या आकसतात आणि नॉरॲड्रेनलिन वाढते. फिनलंडमध्ये निरोगी स्त्रियांना १२ आठवडे, आठवड्यातून ३ वेळा असा उपचार दिला, तेव्हा प्रत्येक वेळी हे रसायन दुप्पट-तिप्पट झाले. बाहेर आल्यावर वाटणाऱ्या तरतरीत त्याचा वाटा असावा.

पण इथेच कोडे पडते. नॉरॲड्रेनलिन हे जागेपणाचे रसायन. झोप येताना शरीर नेमके उलटे वागते: तळहात-तळपायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, तिथून उष्णता बाहेर पडते आणि गाभ्याचे तापमान उतरते. हातपाय ऊबदार असतील तर झोप लवकर लागते, हे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी १९९९मध्ये दाखवले. मग थंडीने झोप कशी यावी?

याचे उत्तर थंडीनंतरच्या काळात शोधावे लागते. खोलीबाहेर आल्यावर त्वचेत रक्त परतते. शरीराला विसावा देणाऱ्या परानुकंपी मज्जासंस्थेचा जोर वाढतो, असे फ्रान्समधल्या अभ्यासांत हृदयाच्या ठोक्यांतील चढउतारांवरून दिसले. संधिवाताच्या रुग्णाचे कारण आणखी साधे: ठणका कमी झाला की डोळा लागतो.

मात्र या विषयावरचे बहुतेक प्रयोग लहान आहेत आणि त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा. शिवाय औषधाच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. उणे ११० अंशांचा खोटा अनुभव कसा देणार? आपण काहीतरी अचाट केले या भावनेचा परिणाम किती आणि थंडीचा किती, हे वेगळे काढणे म्हणूनच कठीण जाते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६मध्ये स्पष्ट सांगितले, की अशा एकाही यंत्राला वैद्यकीय उपचारासाठी आपली मान्यता नाही. द्रवरूप नायट्रोजनवर चालणाऱ्या यंत्रांत प्राणवायू कमी पडून माणूस बेशुद्ध होऊ शकतो, हा इशाराही त्यात होता. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा गर्भारपण असेल, तर या खोलीपासून दूर राहावे.

झोपेसाठी तळमळणारा माणूस कशालाही पैसे मोजतो. त्याच्यासाठी एक स्वस्त वाट आहे. झोपण्यापूर्वी एक-दोन तास ४० ते ४२.५ अंशांच्या पाण्याने दहा मिनिटे स्नान केल्यास झोप लवकर लागते, असा निष्कर्ष अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१९मध्ये निघाला. तत्त्व तेच: त्वचेत रक्त खेळवायचे आणि गाभ्याची उष्णता बाहेर जाऊ द्यायची. दिवाळीत ऊन पाण्याचे अभ्यंगस्नान आपण पहाटे करतो. झोप हवी असणाऱ्याने तो बंब संध्याकाळी पेटवावा.