टोमॅटोचाही उतारा असतो



पाटाच्या कडेला, उकिरड्याजवळ आपोआप उगवणारी बोराएवढी तांबाटी आपण सर्वांनीच पाहिली आहेत. खुरपणीत ती उपटून टाकायची, ही आपली रीत. एखादे झाड राखावे, असे आम्हांस वाटते. कारण सांगतो.

टनेज वेगळे आणि उतारा वेगळा, हे ऊसवाल्याला काय सांगावे! टोमॅटोचेही तसेच आहे. बाजारचा मोठा टोमॅटो ब्रिक्सला साधारण ४ ते ५ भरतो. ही बारकी फळे ६ ते ८ पर्यंतही जातात. पाणी कमी, ऐवज जास्त.

टोमॅटोचे मूळ घर दक्षिण अमेरिकेत. पेरू-इक्वेडोरकडची खरी रानटी जात तर वाटाण्याएवढीच असते. लाल रंग देणारे लायकोपीन तिच्यात लागवडीच्या टोमॅटोपेक्षा पुष्कळ जास्त सापडते. आपल्या पाटाकडेची तांबाटी तिच्याच नात्यातली. दुसरी द्रव्ये, फ्लेव्होनॉइड नावाची, मुख्यतः सालीत असतात. कडक उन्हापासून बचाव म्हणून झाड ती तयार करते. आता हिशेब बघा: फळाचा व्यास निम्मा झाला की किलोमागे साल दुप्पट होते. म्हणून मूठभर बारक्या फळांत ही द्रव्ये अधिक येतात. साल सोलून खाणाऱ्याने मात्र चांगला भाग उकिरड्यावरच टाकला म्हणायचा.

लायकोपीन तेलात विरघळते. फळे ठेचून तेलात परतली की ते अंगी जास्त लागते. उलट क जीवनसत्त्व शिजवल्याने घटते. तेव्हा थोडी चटणी करावी, थोडी कच्ची खावीत. फळ पिकलेलेच घ्यावे. हिरव्या फळात व पाल्यात टोमॅटिन हे कडू द्रव्य असते. पाल्याची भाजी तर मुळीच करू नये.

हे अन्न आहे, औषध नव्हे. रक्तदाबाची वा साखरेची गोळी यासाठी बंद करू नका बरे!

आणि एक. उसात तणनाशक मारले असेल तर त्या पाटाची फळे तोडू नका. त्यापेक्षा बी धरावे. पूर्ण पिकलेल्या फळांचा गर दोन दिवस पाण्यात आंबवावा, बी धुऊन सावलीत सुकवावे आणि परसात न्हाणीच्या पाण्यापासून जरा दूर, उन्हाच्या जागी चार रोपे लावावीत.