मुला-मुलींना स्वयंपाक शिकवा : आधी रानात, मग घरात



या पत्रिकेत आपण नेहमी बेणे, खताच्या मात्रा, पाणी आणि उतारा यांविषयी वाचता. आजचा विषय थोडा वेगळा आहे, पण घरचाच आहे. आपल्या मुला-मुलींना पोटापुरता स्वयंपाक यावा, आणि तो पद्धतशीर शिकवावा, यासाठी चार गोष्टी मांडत आहोत.

आपल्या भागातला सोळा वर्षांचा मुलगा रात्री दोनला उठून मोटर चालू करतो, स्टार्टरचा फ्यूज बांधतो, ट्रॅक्टरला नांगर जोडतो. पण आई आठ दिवस दवाखान्यात असली की हाच मुलगा शेजारून भाकरी येण्याची वाट बघत ओट्यावर बसतो. धाकटी बहीण आठवीत असली तर सगळे तिच्यावर येते. शाळा बुडते तिची, याची नाही. पुढे शिक्षणासाठी पुण्याला, कोल्हापूरला मुले गेली की खानावळीचा डबा हाच आधार. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि शहरांतल्या खानावळी एकाएकी बंद झाल्या. खोलीत गॅस होता, तांदूळ होते, डाळ होती. पण कुकरात पाणी किती घालायचे ते माहीत नव्हते, अशी मुले त्या वेळी पुष्कळ निघाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. स्वयंपाक शिकवणे वेगळे आणि स्वयंपाक गळ्यात घालणे वेगळे. आपल्याच फडाच्या कडेला तोडणी मजुरांच्या कोप्या असतात. आई-बाप पहाटे कोयते घेऊन जातात आणि नऊ-दहा वर्षांची पोर तीन दगडांवर भात शिजवून धाकट्या भावंडांना भरवते. तिला स्वयंपाक येतो, पण तो तिला कोणी शिकवलेला नाही, तो तिच्यावर पडलेला आहे. आम्ही शिकवण्याविषयी बोलतो आहोत, म्हणजे शाळा सांभाळून, मोठ्यांच्या देखरेखीखाली, मुलगा-मुलगी दोघांनाही. मुलीला लवकर आणि मुलाला हौस म्हणून कधीतरी, असे करायचे असेल तर हा लेख पुढे वाचला नाही तरी चालेल.

ही कल्पना काही आमच्या डोक्यातून निघालेली नव्हे. सेवाग्रामला नई तालीमच्या शाळेत स्वयंपाकघर हा अभ्यासाचाच भाग होता. मुले पाळीने रांधत आणि धान्याचा हिशोबही ठेवत. स्काउट-गाईडच्या शिबिरांत उघड्यावर रांधणे, अगदी बिनभांड्यांचा स्वयंपाकसुद्धा, शिकवतात.

सुरुवात रानात करावी असे आमचे मत आहे. लोक म्हणतील, घरात गॅस आहे, ओटा आहे, मग रानात कशाला? कारण घरात सगळे आयते असते. मीठ डब्यात, पाणी नळाला, काडेपेटी जागेवर. त्यामुळे जेवणामागे किती आखणी असते ते पोरांना दिसतच नाही. रानात मीठ विसरले तर विसरलेच. एकदा अळणी पिठले खाल्ले की यादी करण्याचे महत्त्व सांगावे लागत नाही. हुरड्याच्या दिवसांत पोरे रानात जातातच, पण तेथे आगटी गडी पेटवतो आणि पोरे फक्त खातात. यंदा उलट करून पाहा.

दहा माणसांचे जेवण धरू. बेत भरीत, पिठले आणि ज्वारीची भाकरी. मुलांना आदल्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसवा आणि हिशोब त्यांनाच करू द्या. एका मध्यम भाकरीला शंभर ग्रॅमच्या आसपास पीठ लागते. माणशी दोन म्हणजे वीस भाकरी, म्हणजे दोन किलो पीठ. पिठल्याला चार वाट्या बेसन आणि त्याच्या तिप्पट पाणी. पातळ आवडत असेल तर थोडे जास्त. भरताला मोठी वांगी तीन-चार. मापे वाटी-चमच्यात धरावीत म्हणजे घरोघर चालतात. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली निघाले, त्यात वाटी-चमच्याचीच मापे आहेत, आणि नवशिक्या सुनांनी व एकट्या राहणाऱ्या पोरांनी त्यावरच निभावून नेले आहे. पाणी माणशी दोन लिटर प्यायला आणि साधारण तितकेच रांधायला-धुवायला धरा. दहा जणांना चाळीस लिटर झाले. ते वाहून कोण आणणार, हेही कागदावर नावानिशी लिहायचे.

आता खरी गंमत वेळेच्या हिशोबात आहे. एका तव्यावर एका भाकरीला तीन-चार मिनिटे लागतात. वीस भाकरी म्हणजे तासाहून जास्त. एका चुलीवर भाकरी आणि पिठले दोन्ही करायचे म्हटले तर पहिली भाकरी वातड होईतो पंगत बसतच नाही. मुलांनी हे आकडे स्वतः मांडले की दोन वाटा त्यांनाच सुचतात. एक तर चुली दोन मांडायच्या, नाही तर बेत बदलून खिचडी करायची. आपल्या कारखान्याचे तरी दुसरे काय आहे? ऊस तुटला की वेळेत गाळला पाहिजे, नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणूनच तोडणीचा कार्यक्रम गव्हाणीचा दम पाहून ठरतो. बारा गाड्या एकदम दारात आणून उपयोग नाही. चुलीचेही तसेच.

खिचडी ठरली तर दहा जणांना सहा-सातशे ग्रॅम तांदूळ, त्याच्या निम्मी मुगाची डाळ, आणि दोन्ही मिळून मोजलेल्या मापाच्या तिप्पट पाणी. उघड्या पातेल्यात वाफ जाते म्हणून पेलाभर गरम पाणी बाजूला ठेवावे. मीठ माणशी अर्धा चमचा धरून त्यातले थोडे मागे ठेवा. कमी पडले तर घालता येते, पडलेले काढता येत नाही.

चूल कुठे मांडायची, याला आम्ही स्वयंपाकापेक्षा जास्त महत्त्व देतो. उभ्या उसापासून आणि पाचटापासून चांगले लांब, मोकळ्या नांगरटीत. वाळले पाचट ठिणगीसरशी पेटते. (पाचट जाळू नका, त्याची कुट्टी करून जमिनीत मुरवा, असे आपण दरवर्षी सांगतो, पोरांच्या हातून ते चुकून जळायला नको.) वर विजेच्या तारा नकोत. वाऱ्याचा रोख फडाकडे असेल तर त्या दिवशी चूल पेटवू नये, डबा नेऊन खावा. चुलीभोवतीची जागा दोन हात झाडून काढावी आणि पाण्याने भरलेली बादली शेजारी ठेवावी. तिला इतर कामासाठी कोणी हात लावायचा नाही. चुलीला दगड कोरडे घ्यावेत. नदी-ओढ्यातले ओले गोटे तापले की तडकतात आणि कपच्या उडतात.

सरपणात फरक असतो, तो मुलांना हाताने कळू द्यावा. तुराट्या भुरकन पेटतात आणि तितक्याच लवकर विझतात; पेटवणाला त्या चांगल्या. भाकरीला जाळ एकसारखा लागतो, त्याला बाभळीचे सरपण हवे. तिचे निखारेही टिकतात, आणि वांगे निखाऱ्यावरच भाजावे, जाळावर धरले की वरून कोळसा आणि आत कच्चे. कण्हेरीच्या काड्या कशालाही वापरू नयेत. कणीस टोचायलाही नाहीत, सरपणालाही नाहीत. ते झाड मुळापासून पानापर्यंत विषारी आहे.

आणखी एक, आणि हे सर्वांत महत्त्वाचे. रानात औषध फवारणीचे रिकामे डबे, कॅन पडलेले असतात. ‘चांगला कॅन आहे, धुऊन घेतला’ म्हणून त्यात पाणी भरणारे लोक आम्हांला माहीत आहेत. कितीही धुतला तरी तो डबा पाण्याला वापरायचा नाही, मिठाला नाही, सरपण पेटवायला रॉकेल ठेवायलाही नाही. हे मुलांना सांगण्याआधी मोठ्यांनी पाळावे. पाटाचे पाणी प्यायला घेऊ नये, घरून न्यावे. आणि फवारणी केलेल्या, खत टाकलेल्या हातांनी साबण लावल्याशिवाय परातीला शिवायचे नाही.

आता प्रत्यक्ष रांधणे. आधी वांगी निखाऱ्यात. ती भाजेपर्यंत कांदा-मिरची चिरून होते. मग पिठले. बेसन आधी थंड पाण्यात कालवून घ्यावे. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात टाकले की गुठळ्या होतात आणि मग रवी शोधावी लागते. भाकरी शेवटी, आणि ती शिकवताना धीर धरावा. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून ते लाटण्याने न लाटता हाताने थापतात. पीठ ताजे असावे. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी कडेला चिरते. तसे पीठ वाट्याला आले तर ऊन पाण्यात मळावे. एका वेळी एक-दोन भाकरींपुरतेच मळावे आणि तळहाताच्या टाचेने रगडावे, तेथे आळस चालत नाही. पहिल्या चार भाकरी नकाशासारख्या होणार. होऊ द्याव्यात. आयांनी तेवढ्यात ‘सरक, मीच करते’ म्हणू नये. त्या एका वाक्यावर आजवर कितीतरी पोरांचे शिकणे थांबले आहे.

जेवणे झाल्यावर चूल पाण्याने विझवून, काडीने ढवळून, पुन्हा पाणी घालावे. राखेवर हाताची मागची बाजू धरून पाहावी. ऊब लागली तर अजून विझलेली नाही. नुसती माती लोटून निघून आले तर आतला निखारा तसाच राहतो आणि संध्याकाळच्या वाऱ्याला शेजाऱ्याच्या फडात पोचतो.

रानात दोन-तीन वेळा झाले की घरात आणावे. घरातली आखणी दिवसांची असते. बुधवारी मटकीची उसळ हवी तर मटकी सोमवारी भिजली पाहिजे, मंगळवारी फडक्यात बांधली पाहिजे. बुधवारी सकाळी आठवण होऊन उपयोग नाही. आठवडी बाजाराच्या आदल्या रात्री मुलांना विचारा : घरात काय शिल्लक आहे, रानात काय निघते आहे, आणायचे काय? रानात मेथी, शेपू उभे असताना बाजारातून फ्लॉवर आणणारे घर आपण सर्वांनी पाहिले आहे. शिळ्याचाही हिशोब त्यांच्याकडे द्या. भाकरी उरली तर सकाळी कुस्करून फोडणी द्यावी. भात मात्र उन्हाळ्यात दोन तासांवर उघडा ठेवू नये, गार करून लवकर फ्रीजमध्ये टाकावा. भात नासलेला दिसत नाही, पण पोट बिघडवतो, आणि पुन्हा गरम केला तरी तो धोका पूर्ण जात नाही.

गॅस हाती देण्यापूर्वी थोडे समजावून सांगावे लागते. या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड आहे, तो खाली जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावे. रेग्युलेटर बंद करावा. दिव्याचे बटण चालूही करू नये आणि बंदही करू नये, दोन्हींत ठिणगी पडते. बाहेर जाऊन १९०६ या क्रमांकावर फोन करावा. कुकरच्या शिट्टीचे भोक फुंकून मोकळे आहे ना ते रोज पाहावे, आणि दाब उतरल्याशिवाय झाकणाशी झटापट करू नये. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी टाकायचे नाही. गॅस बंद करून वर झाकण सरकवायचे. भाजले तर वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावे. बर्फ, तूप, शाई, टूथपेस्ट काही लावू नये. चुलीपाशी, गॅसपाशी नायलॉनची ओढणी आणि लोंबत्या बाह्या नकोत, सुती कपडे असावेत.

वयाचे विचाराल तर नक्की आकडा सांगता येणार नाही, पोर पाहून ठरवावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांनी निवडणे, धुणे, मोजणे करावे. अकरा-बारापासून शेजारी मोठे माणूस उभे असताना विस्तवाजवळ. दहावीपर्यंत एक वेळचे पूर्ण जेवण, बाजारापासून भांड्यांपर्यंत, एकट्याने. रविवारची रात्र यासाठी राखून ठेवा, घरातल्या मुला-मुलींची पाळी लावा आणि ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर नावाने लिहा.

पहिल्या रविवारी खिचडी बहुधा खाली लागेल. लागली तर ढवळू नये, ढवळले की करपट वास सगळीकडे पसरतो. वरची अलगद दुसऱ्या भांड्यात काढून वाढावी, आणि खालच्या पातेल्यात पाणी घालून रात्रभर ठेवावे. ते पातेले सकाळी कोणी घासायचे, हे मात्र आदल्या दिवशीच्या कागदावर लिहिलेले असावे, आणि तेथे आईचे नाव नसावे.