मोपाहून हरमल : तळ्याकाठी, समुद्राकाठी राहायचं तर

आफ्रिकेतल्या मलावी सरोवराच्या काठी लोक लॉज घेऊन राहतात. सरोवर पावणेसहाशे किलोमीटरच्या आसपास लांब, त्यामुळे वाळू, लाटा, होड्या सगळं समुद्रासारखंच. फक्त पाणी गोडं आणि भरती-ओहोटी नाही. पेडणे तालुक्यातल्या हरमलला दोन्ही एका ठिकाणी मिळतं. समोर खारा समुद्र, मागे गोडं तळं आणि मधे वाळूचा एक पट्टा. राहायला मात्र पक्का लॉज नाही, झोपडी. ती घेताना काय बघावं, हे सांगण्यासाठी हा लेख.

उतरायचं कुठं

गोव्यात आता दोन विमानतळ आहेत आणि तिकीट काढताना गफलत होते ती इथंच. कोडमध्ये ‘जीओएक्स’ असेल तर मोपा, ‘जीओआय’ असेल तर दाबोळी. मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचं उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झालं आणि ५ जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुरू झाली. मोपाहून हरमल वीस-पंचवीस किलोमीटर. दाबोळीहून अंतर त्याच्या दुपटीपेक्षा जास्त, वर मांडवी-झुवारीवरचे पूल आणि तिथली गर्दी. रेल्वेनं येणाऱ्यांना कोकण रेल्वेचं पेडणे स्टेशन सोयीचं. भाड्यानं स्कूटर घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. खासगी नंबराची गाडी स्वस्तात पडते, पण पोलिसांनी अडवलं की ती स्वस्ताई तिथंच संपते.

दरवर्षी नव्यानं उभी राहणारी खोली

हरमल, मांद्रे, आश्वे या पट्ट्यातल्या झोपड्या कच्च्या का, याचं उत्तर कायद्यात आहे. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्यासाठी खास तरतूद आहे: सप्टेंबर ते मे या काळात परंपरेनं उभारली जाणारी निव्वळ तात्पुरती, हंगामी बांधकामं चालतील. म्हणून बांबू, प्लायवूड आणि माडाच्या झावळ्या. चतुर्थी आटोपली की खांब रोवायला सुरुवात होते आणि पाऊस तोंडावर आला की सगळं उतरवून, बांधून ठेवलं जातं. त्यामुळे खोलीत दोन फळ्यांमधून उजेड येतो किंवा शेजारचं घोरणं ऐकू येतं म्हणून मालकाशी भांडण्यात अर्थ नाही. ती तशीच असते.

भांडायचं असेल तर दुसऱ्या गोष्टींवरून भांडा. जागेची पर्यटन खात्याकडे नोंदणी आहे का, हे विचारायचा पाहुण्याला पूर्ण हक्क आहे. मच्छरदाणीला भोकं आहेत का ती पसरून बघा, घडी घातलेल्या मच्छरदाणीत काही कळत नाही. कडीला स्वतःचं कुलूप लागेल का ते बघा. वायरिंग झावळ्यांना चिकटून गेलेलं असेल आणि जोडावर नुसती काळी टेप गुंडाळलेली असेल, तर ती खोली सोडून द्या. वाळलेली झावळी पेटायला ठिणगी पुरते. शेवटचा प्रश्न जरा अवघड, पण सगळ्यात महत्त्वाचा: संडासचं पाणी कुठं जातं? सेप्टिक टाकी दाखवता आली पाहिजे.

गोडं तळं

किनाऱ्याच्या उत्तर टोकाला खडकांची सोंड समुद्रात शिरते. तिला वळसा घालून दुकानांच्या रांगेतून जाणारी चिंचोळी पायवाट पलीकडच्या छोट्या किनाऱ्यावर उतरते आणि तिथं, वाळूच्या मागं, डोंगराच्या कुशीत तळं आहे. मागच्या रानातून झिरपत येणारं पाणी ते भरतं. ओढ्याच्या बाजूनं वर गेलं की पिवळट माती लागते. पाहुणे ती अंगाला फासून उन्हात वाळत बसतात, त्वचेला चांगली म्हणे. समुद्रात डुंबून आल्यावर अंगावरचं मीठ तळ्यात उतरवायचं, हा इथला नेम. साबण मात्र नको. साचलेल्या पाण्यातून फेस जाणार कुठं?

मलावीत पोहणाऱ्याला बिलहार्झियाचा धाक असतो. गोगलगायींतून पाण्यात आलेली सूक्ष्म अळी कातडीतून शरीरात शिरते. भारतात हा रोग जवळपास नाहीच. त्याची गाजलेली नोंद एका गावाची, तीही कोकणातली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीचे रुग्ण १९५२ मध्ये गाडगीळ आणि शहा यांनी वैद्यकीय जगापुढं मांडले. हरमलच्या तळ्याला माझ्या मते खरा धोका अळीचा नाही, आजूबाजूला वाढत चाललेल्या वस्तीच्या सांडपाण्याचा आहे. टाकीचा प्रश्न वर टाकला तो यासाठी.

मोरजीत दिवे का मंद असतात

हरमलहून दक्षिणेला मांद्रे आणि मोरजी. या दोन्ही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री वर चढते, मागच्या पायांनी खड्डा करते, शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू लोटते आणि निघून जाते. वन खात्याची माणसं घरट्याभोवती कुंपण घालून राखण करतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघतात ती उजेडाच्या दिशेनं. काळोख्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ असतं ते समुद्राकडचं क्षितिज. शॅकचा हॅलोजन लागलेला असला की पिल्लं उलटी वस्तीकडे सरकतात. म्हणून इथं समुद्राकडे तोंड करून लावलेले दिवे आणि मोठा आवाज यांना बंदी आहे. रात्री दहानंतर उघड्यावर लाऊडस्पीकर लावायला तर देशभरच मनाई. पाळलं किती जातं, हे मोरजीच्या गावकऱ्यांना विचारा. कासव दिसलंच तर टॉर्च विझवा आणि मोबाइल खिशात ठेवा.

कधी जावं

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा, दर तेव्हा मालकाच्या मर्जीवर. भाव करायचा तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा किंवा फेब्रुवारीनंतर. पोहताना जीवरक्षकांचे झेंडे बघा, लाल असेल तिथं पाण्यात उतरायचं नाही. पावसाळ्यात झोपड्या नसतातच, समुद्रही खवळलेला. तेव्हा गावातली पक्क्या भिंतींची खोली घ्यावी. तळंच हवं असेल तर डिचोली तालुक्यातला मये तलाव आहे. तिथं किनारा नाही, पण चहूकडे हिरवे डोंगर आहेत आणि जवळच नार्व्याला सप्तकोटेश्वराचं देऊळ, ज्याचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये करवला.