कोरीव्रेकनचे पाणी

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यालगत जुरा आणि स्कार्बा ही दोन बेटे शेजारी शेजारी आहेत. त्यांच्यामधील चिंचोळ्या सामुद्रधुनीचे नाव कोरीव्रेकन. जगातील प्रचंड सागरी भोवऱ्यांत येथील भोवऱ्याची गणना होते.

त्याचे कारण समुद्राच्या तळाशी आहे. भरतीचे पाणी जुराच्या पूर्व अंगाने चढत येते आणि या अरुंद वाटेने ताशी सुमारे १६ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडे धाव घेते. वाटेत तळ एके ठिकाणी २०० मीटरहून अधिक खोल जातो, आणि तेथेच खडकाचा एक सुळका पृष्ठभागाखाली जेमतेम ३० मीटरपर्यंत वर आलेला आहे. धावते पाणी त्यावर आदळून उसळते व गरगरू लागते. त्यात समोरून पश्चिमेचा वारा आणि अटलांटिकच्या लाटा आल्या, तर पाण्याची गर्जना कित्येक किलोमीटरवर ऐकू जाते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर अधिकच वाढतो. मात्र भरती संपून ओहोटी लागण्याच्या संधिकाळात हेच पाणी थोडा वेळ निवांत असते. जाणते नावाडी कोष्टक पाहून नेमकी तीच वेळ साधतात.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये, म्हणजे आपला देश स्वतंत्र झाला त्याच महिन्यात, हे कोष्टक वाचण्यात एका विद्वान माणसाची चूक झाली. बिहारमधील मोतिहारी येथे जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑरवेल तेव्हा जुराच्या उत्तर टोकावरील बार्नहिल या एकाकी घरात राहून 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी लिहीत होते. पहिला खर्डाही अजून पुरा झालेला नव्हता. बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मुक्काम करून ते छोट्या यांत्रिक होडीतून परतत होते. सोबत तरुण भाचा, भाची आणि अवघा तीन वर्षांचा दत्तक मुलगा रिचर्ड. हिशेबात रकाना चुकला तर रात्री बसून तो दुरुस्त करता येतो. येथे ती सवलत नव्हती.

होडी भोवऱ्यांच्या कडेस सापडली. हेलकाव्यांनी यंत्र निखळून समुद्रात पडले. भाच्याने वल्ही मारीत होडी एका खडकाळ बेटापाशी नेली. तो काठावर उडी घेतो न घेतो तोच ती उलटली. रिचर्ड तिच्याखाली अडकला होता. ऑरवेलनी त्याला ओढून बाहेर काढले. सर्वांनी शेकोटी पेटवून अंगावरचे कपडे वाळवले आणि काही तासांनी तेथून जाणाऱ्या मच्छीमारांच्या नावेने त्यांची सुटका केली.

त्याच वर्षाच्या अखेरीस ऑरवेलना क्षयरोग झाल्याचे निदान झाले. कादंबरी जून १९४९ मध्ये प्रकाशित झाली आणि जानेवारी १९५० मध्ये ते निवर्तले. आज त्याच सामुद्रधुनीत पर्यटकांना भोवरा दाखवण्यासाठी नौका जातात. त्यांच्या सुटण्याच्या वेळा भरतीच्या कोष्टकावरूनच ठरतात.