लोकप्रियता मोजायची कशी?

२६ मार्च २०१६, शनिवार. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या वॉशिंग्टन राज्यात डेमोक्रॅटिक पक्षाचे समर्थक राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडण्यासाठी गावोगावी सभेला जमले आणि बर्नी सँडर्स यांनी हिलरी क्लिंटन यांचा धुव्वा उडवला. सँडर्स यांच्या पदरात जवळपास ७३ टक्के वाटा पडला. दोन महिन्यांनी, २४ मे रोजी, त्याच राज्यात त्याच दोघांसाठी पुन्हा मतदान झालं. या वेळी मतपत्रिका टपालाने घरी आल्या होत्या. क्लिंटन सुमारे ५२ टक्के मतं घेऊन जिंकल्या.

सँडर्स यांची लाट ओसरली होती का? मुळीच नाही. मार्चमध्ये साधारण २ लाख ३० हजार लोक आले होते, मे महिन्यात ८ लाखांच्या आसपास मतं पडली. पण पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार निवडणारे प्रतिनिधी ठरवण्यासाठी डेमोक्रॅटिक पक्षाने मार्चचाच निकाल धरला होता. १०१ पैकी ७४ प्रतिनिधी सँडर्स यांना मिळाले आणि ८ लाख मतं नुसती नोंदीपुरती उरली. पुढे पक्षाने सभा बंद करून टपाली मतदानच ग्राह्य धरलं. २०२० मध्ये तिथे १५ लाखांहून अधिक मतं पडली आणि जो बायडन यांनी सँडर्स यांना थोडक्यात मागे टाकलं.

मार्चमधल्या त्या सभेला ‘कॉकस’ म्हणतात आणि मे महिन्यातल्या तशा मतदानाला ‘प्रायमरी’. कॉकसचं सर्वांत गाजलेलं रूप आयोवा राज्यातलं. जानेवारी-फेब्रुवारीच्या कडाक्याच्या थंडीत संध्याकाळी सातला शाळेच्या व्यायामशाळेत किंवा चर्चच्या तळघरात शेजारीपाजारी जमत. एका उमेदवाराचे लोक या कोपऱ्यात, दुसऱ्याचे त्या कोपऱ्यात. मग डोकी मोजायची. ज्याच्या कोपऱ्यात साधारण १५ टक्के माणसंही नाहीत, त्याच्या पाठीराख्यांनी दुसरा कोपरा गाठायचा किंवा घरी जायचं. त्यांना आपल्याकडे ओढण्यासाठी बाकीच्यांची मनधरणी सुरू. डेमोक्रॅटांची ही रीत होती. रिपब्लिकन चिठ्ठीवर गुप्त मतदान करतात. शेजाऱ्याशी समोरासमोर वाद घालून मत ठरवणं यात मोठं मोल आहे, हे मला मान्य आहे. पण रात्रपाळीची परिचारिका, तान्ह्या मुलाची आई, बर्फात घराबाहेर पडू न शकणारे आजोबा यांना त्या खोलीत जागाच नव्हती. आणि आपला साहेब ज्या कोपऱ्यात उभा आहे, त्याच्या विरुद्ध कोपऱ्यात जाऊन उभं राहायला हिंमत लागते.

मुळात उमेदवार लोकांनी निवडावा हा आग्रहच तिथे फार जुना नाही. १९६८ मध्ये ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. आपल्याकडे पक्षश्रेष्ठी तिकीट देतात, तसाच प्रकार. उमेदवार ठरवणाऱ्या शिकागोच्या अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं, पक्ष निवडणूक हरला आणि मगच नियम बदलले. १९७२ पासून उमेदवारीची सूत्रं मतदारांकडे आली. पण किती मतदारांकडे? २०१६ मध्ये चुरस दोन्ही पक्षांत होती, तरी प्रायमरी झालेल्या राज्यांत दोन्ही पक्षांचं मिळून मतदान पात्र मतदारांच्या २८.५ टक्क्यांवरच थांबलं. नोव्हेंबरमध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत, तोच आकडा साठच्या घरात गेला.

म्हणून ‘आमच्याकडे गर्दी खेचणारा नेता आहे’ हा दावा नीट तपासावा लागतो. कधी तो शंभर टक्के खरा असतो. २००८ च्या आयोवा कॉकसला डेमोक्रॅटांकडून सुमारे २ लाख ३९ हजार लोक आले, २००४ च्या जवळपास दुप्पट. त्यातले निम्म्याहून अधिक पहिल्यांदाच येत होते आणि त्यांच्यात बराक ओबामा बरेच पुढे होते. सँडर्स यांचाही दावा हाच होता: मतदान वाढलं की आम्ही जिंकतो. मार्च २०२० मध्ये व्हर्जिनियात डेमोक्रॅटिक मतदान २०१६ च्या ७ लाख ८५ हजारांवरून थेट १३ लाखांवर गेलं, आणि जिंकले बायडन, तेही मोठ्या फरकाने. तीनच दिवसांपूर्वी त्यांनी साउथ कॅरोलायना जिंकलं होतं. ज्या तरुणांची वाट सँडर्स पाहत होते, ते अपेक्षेइतके आलेच नाहीत. आले ते डोनाल्ड ट्रम्पना कोण हरवेल याचा हिशेब करणारे. सभेतली गर्दी आणि मतपेटीतली गर्दी यांत फरक असतो, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही मुरलेल्या कार्यकर्त्याला सांगावं लागत नाही.

प्रायमरीतल्या गर्दीवरून नोव्हेंबरचं भाकीत करणं तर त्याहून धोक्याचं. १९८८ मध्ये डेमोक्रॅटिक प्रायमरीत रिपब्लिकनांपेक्षा कितीतरी अधिक मतं पडली होती. राष्ट्राध्यक्ष झाले जॉर्ज बुश, म्हणजे थोरले बुश.

दार कुणासाठी उघडं ठेवायचं, हे प्रत्येक राज्य ठरवतं. न्यूयॉर्कमध्ये पक्षाकडे नाव नोंदवलेल्यांनाच त्या पक्षाच्या प्रायमरीत मत देता येतं. एप्रिल २०१६ च्या मतदानासाठी पक्ष बदलण्याची मुदत आदल्या ऑक्टोबरमध्येच संपली होती. ती चुकल्यामुळे इव्हांका आणि एरिक ट्रम्प यांना खुद्द वडिलांना मत देता आलं नाही.

मराठी माणसांचा याच्याशी थेट संबंध आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनमधून अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. नोव्हेंबरात त्यांना सत्तर टक्क्यांच्या वर मतं मिळाली, पण त्यांची खरी लढाई ऑगस्टमध्येच झाली होती: नऊ उमेदवारांच्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत ते सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. एकाच पक्षाचं वर्चस्व असलेल्या मतदारसंघात प्रायमरी हीच निवडणूक असते.

न्यू जर्सीतल्या मराठी मतदारांच्या वाट्याला वेगळंच दुखणं येतं. तिथे मतदान जूनमध्ये. २०१६ मध्ये तिथल्या मतदानाच्या आदल्या रात्रीच क्लिंटन यांनी उमेदवारी मिळवल्याचं वृत्त जाहीर झालं. २०२४ मध्ये तर बायडन आणि ट्रम्प या दोघांनीही मार्चमध्येच पुरेसे प्रतिनिधी गोळा केले होते. तरीही त्याच मतपत्रिकेवर काँग्रेसचे उमेदवारही असतात. तुमचे भाऊ-बहीण, मुलं किंवा मित्र तिकडे नागरिक झाले असतील, तर त्यांना आजच विचारा: तुमच्या राज्यात पक्षनोंदणीची शेवटची तारीख कोणती?