मोसंब्याच्या सालीचा हिशेब

अर्धवर्तुळ व्यासाभोवती फिरवलं की गोल तयार होतो. त्याच्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ काढायला वक्ररेषेचे बारीक तुकडे पाडतात. प्रत्येक तुकडा फिरून एक बांगडी होते. तिचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले रुंदी. गोम रुंदीत आहे. ती अक्षावर सरळ नव्हे, उतारावरून मोजायची. कॉलेजातली मुलं हमखास इथेच घसरतात.

इथे प्रचल समीकरणं कामी येतात. बिंदूची जागा एका कोनावर सोपवायची: अक्षावरचं अंतर त्रिज्या गुणिले कोसाइन, उंची त्रिज्या गुणिले साइन. मग पायथागोरसच्या सूत्राने उताराची रुंदी निघते, त्रिज्या गुणिले कोनातला चिमुकला बदल. ० ते १८० अंशांपर्यंत साऱ्या बांगड्यांची बेरीज, म्हणजे संकलन केलं, की ४ पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग.

गंमत पुढेच. अगदी गोल मोसंब्याच्या समान जाडीच्या चकत्या करा. टोकाच्या चकतीला आणि मधल्या चकतीला साल सारखीच! टोकाकडे परीघ लहान, पण उतार तेवढाच पसरट. आर्किमिडीजला हे इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच उमगलं होतं.

आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त परीघ गुणिले व्यास, म्हणजे हाच नियम दिला आणि आधीचा ज्योतिर्विद लल्ल याची चूक दाखवली. लल्लाने वर्तुळाचं क्षेत्रफळ परिघाने गुणलं होतं. त्यातून त्रिज्येचा घन येतो, आणि घन मोजतो ते फळ, साल नव्हे.