कैदी, गिरणकामगार आणि संमतीचा कागद

परळच्या आचार्य दोंदे मार्गावर के. ई. एम. रुग्णालय, वाडिया प्रसूतिगृह आणि हाफकिन संस्था एकमेकींच्या इतक्या निकट उभ्या आहेत, आणि टाटा स्मारक रुग्णालयही तेथून इतके जवळ आहे, की पहाटेच्या गाडीने मुंबईत उतरलेला, काखेत केसपेपरची पिशवी धरलेला परगावचा रुग्ण कोणत्या फाटकातून आत शिरावे या विचाराने गोंधळून गेला तर त्यात नवल नाही. येथे झालेल्या रोगनिवारणाच्या कार्याची महती आपण वारंवार गातो. मात्र ते कार्य सिद्धीस जाण्यापूर्वी औषधांची आणि लशींची पहिली परीक्षा ज्यांच्या देहांवर झाली, ती माणसे कोण होती आणि त्यांना कोणी काय विचारले, याची विचारपूस आपण सहसा करीत नाही. या परिसराचा परिचय त्या बाजूने करून घ्यावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आरंभ परळात नव्हे, भायखळ्यास झाला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वाल्डेमार हाफकिन हे ओडेसात जन्मलेले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले आणि हिंदुस्थानात कॉलऱ्याच्या लशीने नाव मिळवलेले जंतुशास्त्रज्ञ मुंबईस दाखल झाले. त्या काळी मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली, तिच्या लगतचा व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढा सरंजाम मिळाला. आणि एवढ्या तुटपुंज्या साधनांवर त्यांनी तीन महिन्यांच्या आत लस सिद्ध केली. तिची कृती ऐकण्यासारखी आहे. गाय आणि डुक्कर ही दोन्ही जनावरे वर्ज्य करून बोकडाच्या मांसाचा रस काढावयाचा, त्यात प्लेगचे जंतू सोडावयाचे आणि वर तुपाचे थेंब तरंगत ठेवावयाचे. त्या थेंबांना धरून जंतूंचे तंतू खाली लोंबू लागले की कुपी हलवून ते तळाशी पाडावयाचे, पुन्हा वाढू द्यावयाचे, आणि असे काही आठवडे चालल्यावर तो द्रव तापवून जंतू मारून टाकावयाचे. कोणाच्या धर्माला बाध येऊ नये याची तजवीज प्रयोगशाळेतील चुलीपासूनच केलेली होती, हे त्या उग्र काळात थोडे नव्हे.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. मात्रा दहा घनसेंटिमीटर, म्हणजे पुढे सर्वसामान्यांसाठी ठरलेल्या मात्रेच्या तिप्पट-चौपट. ताप भरला, टोचल्या जागी ठणका लागला, काही दिवसांनी दोन्ही ओसरले. मोजक्या सहकाऱ्यांखेरीज या गोष्टीचा कोणाला पत्ता नव्हता. संशोधकाने आपल्या देहाची साक्ष प्रथम द्यावी हा त्या पिढीचा दंडक होता, आणि त्यातील धैर्याबद्दल मला नितांत आदर आहे. परंतु एका माणसाला अपाय झाला नाही एवढ्यावरून लस रोगाला अडवते असे सिद्ध होत नाही. त्यासाठी पुष्कळ माणसे लागतात, आणि ज्यांना लस दिलेली नाही अशी तितकीच माणसे त्यांच्या शेजारी राहावी लागतात.

ती माणसे सापडली भायखळ्याच्या तुरुंगात. त्याच जानेवारीच्या अखेरीस तेथे प्लेग शिरला आणि ३० तारखेला टोचणी झाली. राजीखुशीने पुढे आलेल्या दीडशेच्या आसपास कैद्यांनी लस घेतली, पावणेदोनशेच्या सुमारास कैदी तसेच राहिले. ज्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता असे, टोचणीच्याच दिवशी लक्षणे दिसलेले तिघे दगावले. त्यांचा हिशेब वेगळा धरण्यात आला. पुढील दिवसांत लस न घेतलेल्यांपैकी बारा जण आजारी पडून सहा मेले, आणि लस घेतलेल्यांपैकी दोघे आजारी पडले, मेला कोणीच नाही. संख्याशास्त्राच्या आजच्या कसोट्यांना हे आकडे अपुरे वाटतील; पण ज्या शहरातून माणसे वाट फुटेल तिकडे पळत होती, त्या शहराला ते पुरेसे बोलके होते.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. तुरुंगासारखी प्रयोगाला सोयीची जागा दुसरी नाही: सर्वांचे अन्न एक, पाणी एक, निजण्याची जागा एक, दिनक्रम एक, कोणी मध्येच गाव सोडून जात नाही, आणि कोण आजारी पडला याची नोंद तुरुंगाच्या दप्तरात आपोआप होते. परंतु या प्रत्येक सोयीचा अर्थ असाही होतो की त्या माणसाला जाण्यास दुसरी जागा नाही. अंमलदारासमोर उभ्या असलेल्या कैद्याने दिलेला होकार हा होकारच असला, तरी त्याची किंमत करताना कोणताही न्यायाधीश अडखळेल. पुढल्या वर्षी, फेब्रुवारी १८९८ मध्ये, बडोदे संस्थानातील उंढेरा या गावी हाफकिन यांनी तुलना अधिक काटेकोर केली आणि घरटी निम्म्या माणसांना लस दिली. ज्या घरांत रोग शिरला त्यांतील लस घेतलेल्या ७१ जणांपैकी तिघे मेले, न घेतलेल्या ६४ जणांपैकी सव्वीस. प्रयोग म्हणून याहून स्वच्छ रचना त्या काळात क्वचितच झाली असेल. एकाच ओसरीवर बसणाऱ्या दोघा भावांपैकी एकाला वगळण्याचा हा न्याय मात्र आज कोणत्याही समितीपुढे सहजासहजी टिकणार नाही.

तुरुंगाबाहेरची मुंबई असा होकार सहज देणारी नव्हतीच. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे हजार गिरणकामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले होते. तेथे नेलेला माणूस परत येत नाही, एवढेच त्यांना ठाऊक होते. अशा लोकांचा विश्वास हुकुमाने मिळत नाही. तो थोडाफार मिळवला आगाखानांसारख्या पुढाऱ्यांनी, ज्यांनी चारचौघांत आपल्या दंडावर सुई टोचून घेतली आणि खोजा समाजातील हजारोंना त्या मार्गावर आणले. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात थाटली गेली. मूळचे पोर्तुगीज मठाचे स्थान, पुढे गव्हर्नरांचा निवास. गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नी तेथेच पटकीने गेल्यावर लाटसाहेबांनी मलबार हिल गाठली, आणि मेजवान्यांच्या दालनांत लशीच्या कुप्या आल्या. १९२५ मध्ये संस्थेला हाफकिन यांचे नाव मिळाले. मधल्या काळात पंजाबातील मुल्कोवाल येथे एका दूषित कुपीमुळे १९ माणसे धनुर्वाताने मरण पावली, त्याचे खापर परळवर फुटले आणि हाफकिन यांच्यावरील किटाळ दूर होण्यास १९०७ साल उजाडले.

त्याच वास्तूत १९२८ पासून ल्युसी विल्स या इंग्रज विदुषीने गरोदर स्त्रियांच्या पंडुरोगाचा शोध चालवला. गिरण्यांत राबणाऱ्या, अर्धपोटी राहणाऱ्या बायका बाळंतपणाच्या सुमारास पांढऱ्याफटक पडत आणि कित्येक दगावत. विल्सबाईंनी त्यांच्या घरच्या आहाराची तपासणी केली, तसल्याच निकृष्ट आहारावर उंदीर आणि माकडे ठेवून पाहिली, आणि यीस्टचा अर्क, म्हणजे इंग्रजी घरांत पावाला फासले जाणारे स्वस्त मार्माइट, दिल्यावर आजारी माकड सुधारलेले पाहून तोच अर्क रुग्ण स्त्रियांना दिला. १९३१ मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला; त्या अर्कातील अज्ञात द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखले गेले, आणि आज ते गर्भवतीला सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. त्या काळच्या वैद्यकीय लेखनात संमतीसाठी वेगळा परिच्छेद लिहिण्याचा रिवाज नव्हता. १९४९ मध्ये के. ई. एम.मधील पन्नास रक्तदाबाच्या रुग्णांवर सर्पगंधेचा प्रयोग करून डॉ. रुस्तम वकील यांनी जगाचे लक्ष आपल्या जुन्या वनस्पतीकडे वेधले, तेव्हाही तो नव्हता.

आज चित्र पालटले आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने १९८० पासून वेळोवेळी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली, २०१९ च्या नियमांनी त्यांतील पुष्कळ गोष्टींना कायद्याचे बळ दिले, आणि आता कोणताही प्रयोग नैतिकता समितीच्या मंजुरीवाचून सुरू होत नाही. समितीचा अध्यक्ष बाहेरचा, निम्मे सभासद बाहेरचे, त्यांत एक कायदेपंडित आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक साधा नागरिक. माहितीपत्रक सहभागी व्यक्तीच्या भाषेत असावे लागते. तिला अक्षरओळख नसेल तर तटस्थ साक्षीदारासमोर वाचून दाखवून अंगठा घ्यावा लागतो. बुडालेली मजुरी आणि गाडीभाडे द्यावयाचे, पण पैशाच्या आशेने कोणी रुजू होईल इतके द्यावयाचे नाही. सप्टेंबर २०२० मध्ये के. ई. एम.मध्ये करोनाच्या लशीची चाचणी सुरू झाली तेव्हा निरोगी नागरिक आपल्या पायांनी चालत आले, आणि आपल्या दंडात लस गेली की निष्क्रिय द्रव, हे त्यांच्यापैकी कोणासही ठाऊक नव्हते. भायखळ्याच्या कैद्याला निदान तेवढे ठाऊक होते.

इतके असूनही सर्वांत अवघड प्रश्न नियमांत सुटत नाही, हे टाटा स्मारक रुग्णालयाच्या एका प्रयोगावरून दिसून येते. १९९८ पासून डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईच्या वीस झोपडपट्टी-विभागांत सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या विभागांत, दहावीपर्यंत शिकलेल्या आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या मुलींनी गर्भाशयमुखावर सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी करावयाची; उरलेल्या विभागांत केवळ कर्करोगाची माहिती द्यावयाची. २०१३ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. पैसा आणि यंत्रसामग्री यांच्या टंचाईत जगणाऱ्या देशाला याहून मोलाची वार्ता नव्हती. पण दुसऱ्या गटाला कोणतीच तपासणी का दिली नाही, असा आक्षेप अमेरिकेतील एका वैद्याने घेतला आणि त्याची तेथे चौकशीही झाली. संशोधकांचे उत्तर असे, की देशातील सामान्य स्त्रीला त्या काळी कोणतीच तपासणी मिळत नव्हती, तेव्हा दुसऱ्या गटाकडून काही हिरावून घेतलेले नाही. मला हे उत्तर खरे वाटते आणि पुरेसे वाटत नाही. देश काही देत नाही ही गोष्ट प्रयोगाची सबब होऊ लागली, तर वंचितांची वस्ती ही तुरुंगाइतकीच सोयीची जागा ठरते. आणि प्रयोग न करावा, तर दोन्ही गटांतील स्त्रिया पूर्वीच्याच गतीने मरत राहतात. शेवटी ते ३१ टक्के मोजता आले, ते दुसऱ्या गटातील स्त्रियांच्या मृत्यूंची नोंद ठेवल्यामुळेच.